बिनहवेचे टायर आपल्या गाडीला चालतील का?

खिळ्यांच्या फळीवरून गाडी जाते आणि टायरला काहीच होत नाही, हा व्हिडिओ एव्हाना तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. मग कुणीतरी विचारतंच, "आपल्या गाडीला मिळतील का हो असे टायर?"

सरळ उत्तर: आज तरी नाही. पण का नाही, हे कळलं तर आत्ता गाडीखाली असलेल्या टायरकडे बघण्याची नजर बदलते.

नेहमीच्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते. बिनहवेच्या टायरमध्ये ते काम लवचीक पट्ट्या करतात. मिशेलिन कंपनीने २००५ मध्ये 'ट्वील' नावाचा असा टायर दाखवला. तो आज गवत कापणाऱ्या गाड्या, छोटे लोडर अशा हळू चालणाऱ्या यंत्रांना लागतो. कारसाठी कंपनीने २०१९ मध्ये जनरल मोटर्ससोबत 'अपटिस' जाहीर केला आणि २०२४ चं उद्दिष्ट ठेवलं. २०२३ मध्ये सिंगापूरला डीएचएलच्या व्हॅनवर त्याची चाचणी सुरू झाली. २०२४ उलटलं, पण तुमच्या-माझ्यासारख्यांना दुकानात जाऊन घेता येईल असा टायर काही आलेला नाही.

अडचण वेगाची आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक पट्टी दबते आणि पुन्हा सरळ होते. वेग वाढला की हे दबणं-सुटणंही वाढतं. त्यातून उष्णता, आवाज आणि थरथर निर्माण होते. शिवाय पट्ट्यांच्या मधल्या जागेत चिखल किंवा खडी अडकली तर चाकाचा तोल जातो. आपल्याकडचा मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा आठवून बघा!

मग जुन्या ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीला? तिथे तर आणखी कठीण. अपटिससारख्या रचनेत टायर आणि चाक एकत्रच येतं. म्हणजे जुनी रिम आणि तिच्यावरची चकचकीत वाटी, दोन्ही निघणार. या गाड्यांचं सस्पेन्शनही हवेच्या टायरचा मऊपणा धरूनच बनवलेलं. अशा गाडीला योग्य मापाचे नवे टायर घालणं हेच शहाणपणाचं. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका, आधी ही तारीख वाचा.

आता मुद्द्याचं. बिनहवेच्या टायरचा खरा फायदा पंक्चर टळण्याएवढाच नाही. त्यात हवा कमी होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि आपण नेमकं तेच विसरतो. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि भर वेगात फुटू शकते. सुट्टीत भिलाईहून नागपूरला जायचं म्हणजे अडीचशेहून जास्त किलोमीटर. पुढे समृद्धी महामार्गाने मुंबईकडे निघालात तर आणखी ७०१ किलोमीटर, तेही कारसाठी ताशी १२० पर्यंत वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर. तिथे टायर फुटला तर गाडीतल्या सगळ्यांच्याच जिवाशी गाठ.

म्हणून निघण्याआधी एवढं नक्की करा:

• गाडी चालवून टायर तापण्याआधी, सकाळीच हवा तपासा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

• वाटेत तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसली तरी काढू नका. गार झाल्यावर तीच हवा कमी पडते.

• नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदलाच, कायदाही तेच सांगतो.

• स्टेपनीची हवाही तपासा. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या छोट्या गाड्यांना २०२० पासून स्टेपनीतून सूट आहे. तुमची गाडी तशी असेल तर निदान ते किट उघडून, वापरायचं कसं ते घरीच शिकून घ्या.

बिनहवेचा टायर येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याला पेलणारी आहे ती हवाच, आणि ती तपासायला पाच मिनिटं पुरतात.