रूम टेम्परेचर, पण कुणाची रूम?

परवा भाचा इटलीहून आला आणि येताना एक बाटली घेऊन आला. कियांती क्लासिको, साल २०१७, गळ्यावर काळा कोंबडा. (नातेवाईकांपैकी जे वाचतायत त्यांनी आईला फोन करू नये, तिला मीच सांगून टाकलंय.)

मी आपला लगेच नेटवर सालाची कुंडली काढायला बसलो. २०१७ चा उन्हाळा तिकडे फार कडक गेला, पाऊस नाही. बाटलीवर अल्कोहोल साडेचौदा टक्के. म्हणजे 'गरम साल' हा शिक्का मी बूच काढायच्या आधीच मारून ठेवला होता!

रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची, हे कुठेतरी वाचलेलं. म्हणून बाटली दुपारपासून टेबलावर. मे महिना, ऐरोली, खाडीचा दमटपणा आणि पारा बत्तीसवर. सोबत झणझणीत मटण. पहिल्याच घोटाला नाकात भपकारा, जिभेवर मुरांबा आणि घशात जाळ. मी निकाल देऊन मोकळा, "उन्हानं वाट लावली. साल वाया गेलं."

समोर तासगावचा मामा बसला होता. त्याची द्राक्षबाग आहे. वाइन त्याने चाखलीही नव्हती, पण म्हणाला, "द्राक्षाला नावं नको ठेवूस. उन्हानं साखर चढती, आंबट उतरतं. त्याला शेतकरी काय करणार?" मग एका वर्षाची गोष्ट सांगितली. काढणीच्या वेळी ऊन तापलं, मणी मऊ पडले, व्यापाऱ्याने निम्मा भाव सांगितला. मामाने माल दिलाच नाही, शेडवर नेऊन बेदाणा केला. "माल वाईट नव्हता. त्याचं काय करायचं तेवढं उमगायला पाहिजे."

मी गप्प. उठून बादलीत बर्फ-पाणी घातलं आणि बाटली वीस मिनिटं त्यात ठेवली. रूम टेम्परेचर म्हणजे युरोपातल्या जुन्या थंड घरातली खोली, सोळा-अठरा अंशांची. आमच्या घरातली नव्हे! मटणही बाजूला सारलं, कारण तिखटाने अल्कोहोल जास्तच जाळतं. ताटात वांग्याचं भरीत घेतलं, बिनमिरचीचं.

आणि काय सांगू, वाइन वेगळीच! चेरीची चव मोकळी झाली, मागून कडक चहासारखा तुरटपणा आला, भपकारा बराचसा गेला. खोटं कशाला सांगू, उणीव आहेच. कियांती क्लासिकोत किमान ऐंशी टक्के सांजोवेसे द्राक्ष असतं आणि त्याची खरी ओळख म्हणजे आंबटपणा. तो इथे कमी पडतो, चव लवकर विरते. अशी बाटली वीस वर्षं जपू नये, आणली की उघडावी. पण 'वाया गेलं'? मुळीच नाही.

माझं मत म्हणाल तर सालाला गुण देणं हे बरंचसं व्यापाऱ्याचं काम आहे. गरम साल हा दोष नाही, स्वभाव आहे. थोडं थंड करा, कमी तिखटाचं खा, लवकर प्या. आणि त्याआधी आपण कुठल्या खोलीत बसलोय ते बघा. मी त्या संध्याकाळी द्राक्षाची परीक्षा घेत होतो, आणि नापास झाला होता माझा हॉल.

असो. शेवटचा घोट मामाने घेतला. तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "बेदाणा बरा."