बिलाची मेल अडली तर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कितीतरी पेढ्यांतून आता बिले मेलने जातात. हिशेबाच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. पोरे त्याला स्क्रिप्ट म्हणतात. रात्री तो पेढीच्या जीमेल खात्यातून गिऱ्हाइकांना बिले धाडतो. एखाद्या दिवशी हे काम बंद पडते. बिल पोहोचत नाही, म्हणून वसुली थांबते; आणि शेटजी घाबरून पासवर्ड बदलत बसतात.

व्यापारी बंधूंनो, आधी सर्व्हरचे उत्तर वाचा. त्यात ५३५ हा आकडा असेल तर नाव किंवा पासवर्ड नामंजूर झाला आहे. ५३४ असेल आणि सोबत ॲप पासवर्ड मागितला असेल, तर नेहमीचा पासवर्ड तेथे चालणार नाही. जोडणीच होत नसेल तर पासवर्डकडे जाऊच नका. पोर्ट ५८७ किंवा ४६५ कोठे अडला आहे काय, ते पाहा.

गूगलने ३० मे २०२२ पासून खासगी जीमेल खात्यांत अशा प्रोग्रामना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर प्रवेश देणे बंद केले. त्यावर सोपा मार्ग असा : खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी, मग १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढून तो स्क्रिप्टमध्ये घालावा. मात्र खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की काढलेले ॲप पासवर्ड रद्द होतात. म्हणजे घाईत पासवर्ड बदलणारा चालू काम आपल्याच हाताने बंद पाडतो.

खरा प्रश्न किल्ली कोणाच्या हाती, हा आहे. दुरुस्तीला आलेल्या पोराला मुख्य पासवर्ड सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय. त्याच खात्यात बँकेची पत्रे येतात, भाव ठरतात. ॲप पासवर्डही जपावा लागतो, कारण त्यानेही मेल वाचता येते. पण संशय आला तर तेवढाच रद्द करता येतो, बाकी खाते शाबूत राहते.

माझे मत असे की, बिलांसाठी वेगळे खाते ठेवावे आणि ॲप पासवर्ड मालकाने स्वतः काढावा. कापडाचा पोत आपण बोटांनी ओळखतो. मग हे दोन-तीन आकडे ओळखायला काय हरकत आहे? कारागिराची मजुरी वेळेवर द्यायची, तर बिलही वेळेवर गेले पाहिजे.