लायगो औंढ्यात, औंढ्याची पोरं कुठे?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याच्या शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये या लायगो-इंडिया प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन थोरल्या बहिणी अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर पहिल्यांदा पकडली ती त्यांनी. एवढं मोठं काम मराठवाड्यात येतंय याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच आग्रहानं विचारतो: यंत्र सुरू होईल त्या दिवशी नियंत्रण कक्षात हिंगोली-परभणी-नांदेडची मुलं-मुली किती असतील? की आपल्या वाट्याला फाटकावरची राखणदारी आणि कॅन्टीन?

आजचीच वाट धरली तर दुसरंच होईल. आपल्याकडे दहावीला चांगले मार्क पडले की पोरगं लातूरला क्लासला जातं. नीटमध्ये नंबर लागला तर ठीक, नाही तर रिपीट. भौतिकशास्त्र त्याला भेटतं ते चार पर्यायांतून एक निवडण्यापुरतं. आणि आयटीआयला गेलेल्या मुलाचा विज्ञानाशी काही संबंध असेल, असं तर घरात, शाळेत, गावात कुणालाच वाटत नाही.

दुधाळ्याला मात्र त्याच मुलाची गरज आहे. लेझरचा किरण ज्या नळ्यांमधून धावतो त्यांत हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतका खाली आणावा लागतो. अमेरिकेतल्या नळ्या सव्वा मीटरच्या आसपास व्यासाच्या आहेत, ३ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा गुंडाळत, मळसूत्रासारखा वेल्ड करत बनवलेल्या. वेल्डमध्ये केसाहून बारीक छिद्र राहिलं तरी चालत नाही. ते शोधायला बाहेरून हेलियम सोडतात आणि आतून जोडलेलं यंत्र त्याचा मागमूस लागतो का ते पाहतं. हे काम करणारा माणूस वेल्डर असतो, फिटर असतो, पंपांचा जाणकार असतो. सगळं नीट जमलं तर ४ किलोमीटरच्या भुजेतला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक मोजता येतो. नोबेलविजेत्यांच्या कामाचा पाया कुशल हातांनी घातलेला आहे, हे आपल्या आयटीआयच्या वर्गात कुणी सांगतं का?

हिशेब साधा आहे. मंजुरी देताना २०३०च्या आसपास वेधशाळा सुरू करायचं ठरलं होतं. थोडं पुढेमागे होईल, पण नंतर ती कित्येक वर्षं चालायची आहे. आज आठवीत असलेली मुलगी दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पाच-सहा वर्षांत तयार होते. म्हणजे निवड आजच्या आठवीच्या वर्गात व्हायला हवी. हिंगोलीच्या आयटीआयमध्ये निर्वात तंत्राचा आणि गळती तपासण्याचा अभ्यासक्रम आता सुरू व्हावा, नांदेडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्पात उमेदवारी मिळावी. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करून काही हाती लागणार नाही.

शाळेत काय करता येईल? लायगोचे लोक शाळांमध्ये येऊन व्याख्यानं देतात, ते चांगलंच आहे. पण मुलांच्या हातात वस्तू पडली पाहिजे. एक लेझर पॉइंटर, दोन आरसे आणि अर्धा उजेड आरपार सोडणारी एक काच, एवढ्यावर लायगोचं लहानसं रूप वर्गातल्या टेबलावर मांडता येतं. भिंतीवर उजेडाचे-अंधाराचे पट्टे दिसतात. कुणी जमिनीवर पाय आपटला की पट्टे थरथरतात. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरातल्या मुलांना तर हा खेळ फार जवळचा वाटेल. त्यांनी जमिनीच्या पोटातून येणारे आवाज ऐकलेत. २१ मार्च २०२४च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्काही अनुभवलाय. जमीन का गुरगुरते, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे. आणि जमिनीच्या थरथरीपासून आरसे कसे वाचवायचे, हा लायगोच्या अभियंत्यांचा. या दोन प्रश्नांची गाठ घालून देणारा शिक्षक प्रत्येक केंद्रशाळेत हवा, आणि त्याला त्यासाठी वेळ हवा. निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं त्याच्या डोक्यावर ठेवून हे होणार नाही.

जुन्नर तालुक्यात खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी केली. तिथे विज्ञान दिनाला दारं उघडतात आणि आसपासच्या गावांतली शाळकरी पोरं आपापले प्रयोग मांडतात. परक्या वाटणाऱ्या यंत्राशी गावाचं नातं जुळतं ते असं.

मला सर्वात जास्त आशा मुलींबद्दल वाटते. हुशार असूनही पुण्याला पाठवत नाहीत म्हणून शिकणं थांबलेल्या, मग लवकर लग्न झालेल्या मुली या भागात घरोघर आहेत. औंढा त्यांच्यासाठी एसटीच्या अंतरावर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशी तंत्रज्ञाची नोकरी या जिल्ह्यात असू शकते, हे त्यांच्या आईबापांना आजच कळायला हवं. जिल्हा परिषदेनं आणि प्रकल्पाच्या लोकांनी मिळून पुढच्या पालकसभेत ते गावागावांत जाऊन सांगावं. कुठली पदं, किती शिक्षण, पगार किती, सगळं आकड्यांत.