संदिग्धतेचा आडोसा : अद्भुत प्रणयकथा आणि स्त्रीची संमती

संदिग्धता हे साहित्यकृतीचे एक मूल्य आहे, हा विचार मराठी समीक्षेत नवसमीक्षेच्या वाटेने आला आणि रुजला. विल्यम एम्प्सन यांनी १९३० साली संदिग्धतेचे सात प्रकार सांगितले ते काव्यभाषेच्या संदर्भात. पुढे ही संकल्पना भाषेपुरती राहिली नाही. कृतीतील जी जागा स्पष्ट नाही ती समृद्ध आहे, असे समीकरणच होऊन बसले. ही संदिग्धता कोणी निर्माण केली, ती कोणाच्या सोयीची आहे आणि तिची किंमत कोण मोजते, हे प्रश्न मात्र अवाङ्मयीन म्हणून बाजूला सारले गेले.

अद्भुत प्रणयकथेच्या समीक्षेत या दुर्लक्षाचे परिणाम सर्वाधिक जाणवतात. देव, नाग किंवा भूत एखाद्या पुरुषाचे, बहुधा पतीचे, रूप घेऊन स्त्रीकडे येतो. तिची संमती होती काय, असे विचारले की ठरीव उत्तर मिळते : संहिता हा प्रश्न खुला ठेवते आणि तेच तिचे यश आहे. या उत्तरात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. स्त्रीच्या मनात चाललेले द्वंद्व ही एक गोष्ट. तिला ज्या अज्ञानात ठेवले गेले आहे ते अज्ञान ही दुसरी. पहिलीला अनेकार्थता म्हणता येईल. दुसरीला साध्या मराठीत फसवणूक म्हणतात.

गिरीश कार्नाड यांचे ‘नागमंडल’ हे नाटक या संदर्भात तपासण्याजोगे आहे. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथांवर ते आधारलेले आहे. अप्पण्णा आपल्या नवविवाहित पत्नीला, राणीला, घरात कोंडून ठेवतो, दुपारी जेवायला तेवढा येतो आणि रात्र दुसऱ्या स्त्रीकडे काढतो. कुरुडव्वा ही आंधळी वृद्धा राणीला वशीकरणाची मुळी देते. ती घालताच कालवणाचा रंग रक्तासारखा झालेला पाहून राणी घाबरते आणि ते वारुळावर ओतते. वारुळातला नाग तिच्यावर लुब्ध होतो आणि अप्पण्णाच्या रूपाने रात्री तिच्याकडे येऊ लागतो. दिवसा लाथाडणारा आणि रात्री लाड करणारा, असे एकाच नवऱ्याचे दोन चेहरे राणीला दिसू लागतात. रात्री येण्याजाण्याविषयी काही विचारायचे नाही, असा दंडक नाग घालतो. पहिल्या शरीरसंबंधानंतर राणी रडते. तिची समजूत काढली जाते.

या रात्रींचे वर्णन ‘राणीच्या लैंगिकतेची जागृती’, ‘दडपलेल्या कामनेची मुक्ती’ अशा शब्दांत करण्याची प्रथा पडून गेली आहे. स्त्रीवादी म्हणवणारी समीक्षाही तिला अपवाद नाही. अप्पण्णा क्रूर आणि नाग कोमल, हा विरोध इतका ठळक आहे की कोमलता म्हणजेच संमतीचा पुरावा असे गृहीत धरले जाते. पण नाग कितीही मृदू असला आणि त्याने कितीही वेळा राणीची इच्छा विचारली, तरी ती त्याने अप्पण्णाच्या तोंडाने विचारलेली असते. जे उत्तर मिळते ते अप्पण्णाला दिलेले असते. नागाला राणीने होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. होकार किंवा नकार देण्यासाठी समोर कोण आहे हे कळावे लागते, आणि तेवढेच तिच्यापासून लपवून ठेवलेले आहे. नागही मुळीच्या प्रभावाने वश झाला होता, असा बचाव केला जातो. मुळीने नागाच्या आसक्तीचा उलगडा होतो. त्याने घेतलेल्या सोंगाचा होत नाही.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची जी मीमांसा केली तिच्या आधारे ‘नागमंडल’मधील संदिग्धतेचे समर्थन करता येत नाही. नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या निवाड्यापाशी वाचक घुटमळतो, बहुधा पात्रही घुटमळते. हे घुटमळणे हा तोदोरोव्ह यांच्या मते अद्भुताचा गाभा होय. येथे प्रेक्षक मुळीच घुटमळत नाही. रंगमंचावर येणारा अप्पण्णा नाग आहे हे त्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते केवळ राणीला. म्हणजे ज्याला संदिग्धता म्हटले जाते ती वस्तुतः नाट्यगत उपरोधाची रचना आहे : एकीच्या अज्ञानावर इतर सर्वांच्या ज्ञानाचा आस्वाद उभारलेला आहे. या रचनेत प्रेक्षक साक्षीदार राहत नाही, भागीदार होतो. आपल्याला जे कळते ते तिला कळत नाही, यात त्याच्या रसास्वादाचा मोठा अंश असतो. समीक्षेने हे भागीदारीचे नाते उघड करायला हवे होते. तिने ते ‘संदिग्धता’ या शब्दाखाली झाकले.

परंपरेकडे या प्रसंगासाठी शब्द नव्हता असेही नाही. रती उभयनिष्ठ नसेल तर शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास होतो, हे अलंकारशास्त्राने सांगून ठेवले आहे. सीतेविषयीच्या रावणाच्या अभिलाषेचे उदाहरण अभिनवगुप्त याच संदर्भात देतो. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त अनुभयनिष्ठ रतीची गणना रसाभासाच्या प्रकारांत होते. हा निकष ‘नागमंडला’ला लावला तर काय दिसते? नागाच्या रतीचे आलंबन राणी आहे. राणीच्या रतीचे आलंबन नाग नाही. तिला अखेर जवळ घेऊ लागलेला नवरा हे ते आलंबन आहे, आणि असा नवरा अस्तित्वातच नाही. दोन रती एकमेकींसमोर उभ्या दिसतात, पण एकमेकींना भेटत नाहीत. रससिद्धान्ताला कालबाह्य ठरवणाऱ्या आधुनिक समीक्षेला जे दिसले नाही, ते दाखवण्याची सोय त्या सिद्धान्तात होती.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. ही कथा स्त्रियांनी स्त्रियांना सांगितलेली आहे. नाग हा बाहेरून आलेला फसवा पुरुष नसून स्त्रीच्या इच्छेचेच रूप आहे. स्वप्नाला संमतीचा निकष लावणे म्हणजे लोककथेला न्यायालयात खेचणे होय, असा हा आक्षेप. त्याचा पूर्वार्ध मान्य करण्याजोगा आहे. दिवसाच्या नवऱ्याच्या जागी रात्री वेगळा नवरा मिळावा, ही कल्पना सासुरवाशिणींच्या अनुभवातूनच उपजू शकते. परंतु नाग जर राणीच्या इच्छेचे रूप असेल, तर त्या इच्छेला राणीपासूनच लपून का यावे लागते? उत्तर उघड आहे. राणीला कळले असते तर ती व्यभिचारिणी ठरली असती. न कळल्यामुळे ती पतिव्रता राहते, आणि नागदिव्यानंतर देवीही होते. अज्ञान ही तिच्या सुखाची किंमत आहे. स्त्रीने सुख भोगावे, पण ते आपण भोगले हे तिला ठाऊक नसावे, एवढीच सवलत ज्या समाजात मिळते त्या समाजाची ही कथा आहे. लोककथेच्या सांगणाऱ्या स्त्रियांनी हा सौदा ओळखला होता. त्यांच्या अगतिकतेला मुक्ती म्हणणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

स्वतः नाटकही या जागी अडखळते, आणि त्याचा प्रामाणिकपणा तेथेच दिसतो. खरा नवरा शय्येवर आला तेव्हा हा पुरुष निराळा आहे हे राणीला कळले नसेल काय, अशी शंका चौकटीतील लेखक उपस्थित करतो आणि कथेला दुसरा शेवट द्यावा लागतो. ही शंका अभ्यासकांना फार प्रिय आहे. नागाचे थंड रक्त, आरशातील प्रतिबिंब, दिवसा नवऱ्याच्या अंगावर न दिसणाऱ्या जखमा, या खुणांची यादी करून राणीला सर्व ठाऊक असावे आणि म्हणून तिची मूक संमती असावी, असा निष्कर्ष काढला जातो. मात्र ही सर्व चौकशी राणीची आहे. तिने ओळखले की नाही, केव्हा ओळखले, ओळखून गप्प का राहिली? ज्याने रूप बदलले त्याला कोणी काही विचारत नाही. शिवाय तिला उशिरा उमगले असे मानले तरी नंतरचे मौन आधीच्या रात्रींना संमती देत नाही. प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती, हे तर्कशास्त्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारले आणि १९७९ साली चार विधिप्राध्यापकांनी खुल्या पत्रातून त्याचा प्रतिवाद केला. संमतीत शरण जाणे येत असेल, पण शरण जाण्यात संमती येतेच असे नाही, हा त्या पत्राचा मुद्दा होता. न्यायव्यवहाराला जो भेद तेव्हा ऐकावा लागला, तो साहित्यसमीक्षेने आजही पुरता ऐकलेला नाही.

स्त्रीच्या जाणिवेची ही उलटतपासणी जुनी आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात अहल्या मुनिवेषातील इंद्राला ओळखते आणि कुतूहलाने संमती देते. उत्तरकांडात ती गौतमाला सांगते की तुमच्या रूपामुळे आपण फसलो, हे अजाणता घडले. एकाच ग्रंथातील या दोन अहल्यांपैकी एक जाणती आहे, दुसरी अजाण. शाप मात्र दोघींनाही आहे. शापाचे स्वरूप बदलते, शाप टळत नाही. तिला ठाऊक होते की नव्हते, या प्रश्नाने तिच्या वाट्याला येणाऱ्या दंडात मूलभूत फरक पडत नसेल, तर तो प्रश्न संमतीचा नाहीच. तो दोषारोपाचा आहे.

वृंदेची कथा याहून बोलकी आहे, कारण तेथे स्त्री स्वतः निवाडा देते. विष्णू जालंधराचे रूप घेऊन तिचे पातिव्रत्य भंग करतो. कपट उमगताच वृंदा त्याला शाप देते आणि अग्निप्रवेश करते. येथे कसलीही संदिग्धता उरलेली नाही. फसवल्या गेलेल्या स्त्रीने स्पष्ट नकार नोंदवला आहे. परंपरेने त्याला काय उत्तर दिले? दर कार्तिकात महाराष्ट्राच्या अंगणाअंगणांत तुळशीचे लग्न लागते आणि वर तोच असतो. नकार इतका उघड असेल तेथे संदिग्धतेचा आधार घेता येत नाही, म्हणून मंगलाष्टकांचा घेतला जातो. श्रद्धेचे कारण श्रद्धेपाशी राहो. कथेचा अर्थ लावणाऱ्याला मात्र शापाकडून बोहल्यापर्यंतचा हा प्रवास न पाहण्याची मुभा नाही.

आधुनिक कायद्याची रचनाही या कथांहून फार निराळी नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ नुसार, आपण तिचा पती नाही हे जाणणाऱ्या पुरुषाला पती समजून स्त्रीने दिलेली संमती ही संमती नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद कायम आहे. त्याच कलमात अपवादही कायम आहे : पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. राणीच्या प्रसंगाला हे लावले तर रात्रीचा नाग अपराधी ठरतो. पतीच्या हक्काने येणारा अप्पण्णा, राणीची इच्छा असो वा नसो, ठरत नाही. दोन्हीकडे निर्णायक आहे तो पतीचा चेहरा. स्त्रीची इच्छा त्या चेहऱ्याच्या मागे कोठेतरी गृहीत धरलेली असते. म्हणून ‘नाग की अप्पण्णा’ अशी निवड समीक्षा मांडते तेव्हा तिने कायद्याचीच चौकट स्वीकारलेली असते, फक्त निकाल उलटा दिलेला असतो.

या चौकटीबाहेर जाणाऱ्या कथा आहेत. विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेत भूत नवऱ्याचे रूप घेऊन घरात शिरते, सासऱ्याला फसवते, गावाला फसवते. पण नववधूपाशी येताच आपण कोण हे सांगून टाकते. त्यानंतर तिच्या मनात जे चालते ती खरी दुविधा होय, कारण तेथे ज्ञान आहे आणि म्हणून निवडही आहे. मणी कौल यांनी १९७३ साली आणि अमोल पालेकर यांनी ‘पहेली’त २००५ साली या कथेवर चित्रपट केले. पालेकरांच्या शेवटात भूत पतीच्या देहात शिरून तिला लाभते. देथांच्या कथेत एक मेंढपाळ भुताला पखालीत कोंडतो आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा होतो. ज्या स्त्रीने निवड केली होती तिला कोणी विचारत नाही. तिच्या संमतीची किंमत समाजाच्या लेखी शून्य आहे, हे देथा लपवत नाहीत.

महाभारताच्या वनपर्वातील दमयंती तर याहूनही पुढे जाते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात. पाच नल समोर दिसत असताना ती अंदाजाने माळ घालत नाही. ती देवांनाच शरण जाते आणि आपापली रूपे प्रकट करा, असे मागते. देवांना ती द्यावी लागतात : न मिटणारे डोळे, घाम नसलेले अंग, न कोमेजणाऱ्या माळा, जमिनीला न टेकणारे पाय. धूळ आणि घाम अंगावर असलेला, सावली पडणारा तो नल. माळ त्यानंतर पडते. निवडीआधी ओळख, हा क्रम या आख्यानाने पक्का ठेवला आहे आणि त्याने त्यातील अद्भुताची वा प्रणयाची मात्रा तसूभरही कमी झालेली नाही. संमती स्पष्ट असली की कथा सपाट होते, या भीतीला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

तेव्हा प्रश्न अद्भुत प्रणयकथा निषिद्ध ठरवण्याचा नाही, आणि ‘नागमंडल’ दोषी ठरवण्याचा तर नाहीच. कार्नाडांचे नाटक आपली जखम उघडी ठेवते. तिला अलंकार म्हणण्याचे काम समीक्षेने केले आहे. पदव्युत्तर वर्गांत हे नाटक शिकवले जाते तेव्हा ‘राणीला कळले होते काय’ हा प्रश्न चर्चेस दिला जातो. त्याआधी दुसरा प्रश्न दिला पाहिजे : कोणाला कळले होते, आणि त्याने तिला का सांगितले नाही? या प्रश्नाचे उत्तर संहितेत आहे. त्यात संदिग्ध असे काही नाही.