कप पालथा करून पाहा
जुना जपानी चहाचा सेट कोणी विकायला आणला, तर वाचकहो, आम्ही सांगतो, नक्षीवर भुलू नका. आधी कप पालथा करा. १८९० च्या कायद्याने अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून 'निप्पॉन' असेल तर माल साधारण १८९१ ते १९२१ मधला. पुढे 'जपान' लिहावे लागले. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे परकीय फौजांच्या ताब्यातला, १९४५ ते १९५२ चा काळ. युद्धानंतर माल पूर्वीसारखा उतरेना, तेव्हा नोरिताके कारखान्याने स्वतःचे नाव न घालता 'रोझ चायना' असा शिक्का मारला. नाव राखावे ते असे! मात्र 'निप्पॉन'चा खोटा शिक्का मारलेला नवा मालही विकला जातो. तेव्हा घामाचा पैसा मोजण्यापूर्वी शिक्क्याबरोबर सोनेरी कडेची झीजही पाहा.