विमान जमिनीवर असतानाचा धोका: मुंबईतल्या घटनांतून आपण काय शिकायचं?

उमरा किंवा हजला कुणी निघालं की निरोप द्यायला आपल्याकडे अख्खा मोहल्ला जमतो. यावलहून गाडीने भुसावळ, तिथून रेल्वेने मुंबई आणि मग विमान, असा आपल्यातल्या बहुतेकांचा रस्ता. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि 260 जणांचा जीव गेला. तेव्हापासून निरोपाच्या वेळी घराघरात एक काळजी ऐकू येते: वर गेल्यावर काही होणार तर नाही ना?

काळजी साहजिक आहे. पण सगळं लक्ष 'वर गेल्यावर'कडे असल्यामुळे एक गोष्ट निसटते. विमानाच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात आकाशात झालेलाच नाही, तो जमिनीवर झाला. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. एक जम्बो विमान धावपट्टीवरूनच हळूहळू पुढे चाललं होतं. तेवढ्यात दुसऱ्या जम्बोच्या कॅप्टनने परवानगी मिळाली असं समजून उड्डाणासाठी वेग घेतला. टक्कर झाली, 583 माणसं गेली. यंत्र बिघडलं नव्हतं. रेडिओवरचे शब्द एकमेकांत मिसळले, उशीर झाला म्हणून घाई होती आणि ऐकण्यात चूक झाली.

विमान स्वतःच्या चाकांवर जमिनीवरून हळू चालतं त्याला टॅक्सिंग म्हणतात. प्रवाशाला हा सर्वांत सुरक्षित वेळ वाटतो, कारण वेग कमी असतो. पण बहुतेक मोठ्या विमानांत पायलटला आपल्या जागेवरून पंखांची टोकं नीट दिसत नाहीत. आजूबाजूला सामानाच्या गाड्या, इंधनाचे टँकर, बस आणि माणसं असतात. 27 मार्च 2024 रोजी कोलकात्यात टॅक्सिंग करणाऱ्या इंडिगोच्या विमानाचा पंख उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाला घासला आणि पंखाचं टोक तुटलं. कुणाला इजा झाली नाही. पण दोन्ही विमानांत प्रवासी होते आणि पंखांमध्येच इंधन भरलेलं असतं, हे लक्षात घ्या.

आता आपल्या मुंबईचं बघू. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराचा भार जवळजवळ एका धावपट्टीवर पडतो. 8 जून 2024 रोजी तिरुअनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावत होतं. ते जमीन सोडण्याआधीच मागून इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच धावपट्टीवर उतरलं. अल्लाहच्या कृपेने काही झालं नाही. चौकशी लागली आणि नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याला कामावरून बाजूला केलं गेलं.

इथेच खरा प्रश्न आहे. प्रत्येक वेळी एक माणूस बाजूला केला जातो, पण त्याच्यावरचा भार तसाच राहतो. 2025 मध्ये संसदेच्या समितीने दाखवून दिलं की विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएमध्ये निम्म्याहून अधिक पदं रिकामी आहेत. शाळेत निम्मे शिक्षक नसतील तर वर्गात काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको. आता 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. त्याने मुंबईचा भार हलका होईल, पण माणसं पुरेशी आणि नीट शिकवलेली असतील तरच.

या जमिनीवर सर्वांत जास्त धोका कुणाला? तिथे राबणाऱ्यांना. 16 डिसेंबर 2015 च्या रात्री मुंबईत हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं विमान मागे ढकललं जात होतं. इशारा समजण्यात चूक झाली आणि तिथे काम करणारा तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. जुलै 2019 मध्ये कोलकात्यात स्पाइसजेटच्या विमानाच्या चाकांच्या दाराची दुरुस्ती करताना ते दार अचानक बंद झालं आणि एका तरुण तंत्रज्ञाचा जीव गेला. दोन दिवस बातमी चालली, मग सगळे विसरले.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. खानदेशातली मुलं बारावीनंतर 'ग्राउंड स्टाफ'चे कोर्स करून मुंबईला जातात. माझा एक जुना विद्यार्थी विमानात सामान चढवण्याचं काम करतो. तो सांगतो की विमानाला उशीर झाला की सगळी घाई शेवटी त्यांच्याच अंगावर येते. यातली बरीच कामं कंत्राटी असतात. मे 2025 मध्ये सुरक्षेचं कारण देऊन तुर्कस्तानच्या चेलेबी कंपनीची परवानगी एका दिवसात रद्द झाली, तेव्हा मुंबईतल्या कामगारांची झोप उडाली होती. कंपनी बदलते, पण जमिनीवरचा माणूस आणि त्याचा धोका तोच राहतो. म्हणून मुलाला अशा कोर्सला घालताना पालकांनी फक्त फी आणि पगार विचारू नये. प्रशिक्षण खऱ्या विमानतळावर होतं का, विमा कोण भरतं, सलग किती तास ड्युटी असते, हेही विचारा. लाजू नका.

आणि प्रवासी म्हणून आपण? यावलच्या बसस्थानकावर एसटी शिरली की काय होतं ते आठवा. गाडी थांबायच्या आत आतले उठतात, बाहेरचे खिडकीतून रुमाल टाकतात. हीच सवय आपण विमानात घेऊन जातो. चाकं जमिनीला टेकली की पट्टे सुटल्याचा आवाज येतो. पण विमान अजून चालत असतं. समोर काही आडवं आलं तर पायलट जोरात ब्रेक लावणार आणि उभे असलेले दादाजी तोंडावर पडणार. पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसून राहा.

बसने विमानापर्यंत नेलं तर कर्मचारी दाखवतील त्याच वाटेने चला आणि मुलांचा हात सोडू नका. पंखाखाली थांबून सेल्फी नको. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे असं समजा. बाटलीचं झाकणसुद्धा तिथे टाकू नका. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसला धावपट्टीवर पडलेल्या एका धातूच्या पट्टीने कॉन्कॉर्डचं टायर फाटलं आणि 113 माणसं गेली.

वयस्करांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा आणि मिळेपर्यंत बसून थांबा. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत 80 वर्षांचे एक प्रवासी व्हीलचेअर कमी पडल्यामुळे पत्नीच्या खुर्चीसोबत पायी चालत निघाले, वाटेत कोसळले आणि वारले. एअर इंडियाला 30 लाखांचा दंड झाला, पण माणूस परत आला नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले. पण मोठ्या विमानातले सगळे 379 जण जिवंत बाहेर आले, कारण त्यांनी कर्मचाऱ्यांचं ऐकलं आणि सामान आतच सोडलं. डिसेंबर 2016 मध्ये गोव्यात दाबोळीला जेट एअरवेजचं विमान धावपट्टीवरून घसरलं, तेव्हा काही प्रवासी बाहेर पडतानाच्या घाईत जखमी झाले. उद्या अशी वेळ आली तर बॅग, खजूर, तसबीह सगळं तिथेच राहू द्या. जीव अमानत आहे, सामान नाही.

घाई शैतानाकडून असते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. टेनेरिफपासून मुंबईपर्यंतच्या घटना तेच सांगतात. तेव्हा घरातून कुणी सफरीला निघालं की त्यांना दुआ पाठ करून द्याच, पण सोबत हेही सांगा की विमान पूर्ण थांबल्याशिवाय जागा सोडू नका. आणि खिडकीतून खाली काम करणारी ती पिवळ्या जॅकेटमधली मुलं दिसली तर त्यांच्यासाठीही दुआ करा. त्यांच्यात आपल्याच गावाकडचा कुणी असू शकतो.