किल्ली आपल्याच कनवटीला हवी

कल्याण आणि उल्हासनगर या स्थानकांच्या दरम्यान वसलेल्या विठ्ठलवाडीत पूर्वी घरोघरी एक पेटी असे. खरेदीखत, बँकेची पुस्तके, विम्याची पॉलिसी, मोजके दागिने असा सारा ऐवज त्या पेटीत आणि किल्ली घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कनवटीला. पेटी कोठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे घरातील जाणत्यांना ठाऊक असे. गेल्या दोन दशकांत त्या पेटीतील बराचसा ऐवज संगणकाच्या पडद्याआड गेला. बँक, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, डिमॅट खाते, विमा, महावितरणचे देयक, रेल्वेचे तिकीट, प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आणि प्रत्येक दरवाजाला परवलीचा शब्द वेगळा. सामान्य कुटुंबाकडे असे पंचवीस-तीस पासवर्ड सहज असतात. ते ठेवायचे कोठे? वहीत, डोक्यात, की ज्याला 'क्लाऊड' म्हणतात त्या दूरस्थ साठवणुकीत? हा प्रश्न आता केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

खरे तर अनेक घरांनी या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन टाकले आहे. 'हा पासवर्ड जतन करू का?' असे मोबाइल विचारतो, घाईत 'होय' दाबले जाते आणि घराची किल्ली कोणत्या तरी कंपनीच्या ताब्यात जाते. ती कोठे गेली, कोणत्या अटींवर गेली, याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. विश्वास ठेवावा की न ठेवावा, याचा विचार विश्वास टाकून झाल्यावर करण्याची वेळ येते. विवेकी समाजाला हे शोभणारे नाही.

'क्लाऊड' या शब्दाने मोठीच दिशाभूल केली आहे. हा मेघ आकाशात नसतो. तो सिमेंटच्या इमारतींत, अखंड वीज आणि थंडावा पुरवलेल्या दालनांत असतो. ठाणे-बेलापूर मार्गावर ऐरोली, रबाळे, महापे येथे अशी विदा केंद्रे उभी आहेत. म्हणजेच क्लाऊड हे दुसऱ्याच्या मालकीचे कोठार. कोठारात धान्य ठेवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर कोठारवाल्याच्या भलेपणाइतकेच कुलूप कोणाचे आहे यावरही अवलंबून असते.

चांगल्या पासवर्ड-तिजोऱ्यांची पद्धत नेमकी येथेच वेगळी आहे. पासवर्ड मोबाइलमधून बाहेर पडण्यापूर्वीच सांकेतिक रूपात बदलले जातात आणि ते रूप उलगडणारा एकच मुख्य पासवर्ड ग्राहकापाशी राहतो. कंपनीकडे जाते ती बंद पेटी. ती उघडण्याचे साधन खुद्द कंपनीकडेही नसते.

ही व्यवस्था किती टिकते, याची परीक्षा २०२२ साली झाली. लास्टपास ही जगभरातील ग्राहकांचे पासवर्ड सांभाळणारी अमेरिकी कंपनी. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या यंत्रणेत चोर शिरले. तेथे मिळालेल्या माहितीच्या आधारे त्यांनी कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याचा घरचा संगणक गाठला, त्याचा मुख्य पासवर्ड टिपला आणि क्लाऊडवर ठेवलेल्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच उचलल्या. २२ डिसेंबर २०२२ रोजी कंपनीने ही कबुली दिली. आतील पासवर्ड सांकेतिक रूपात होते. परंतु ग्राहक कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो, ही माहिती तशी झाकलेली नव्हती. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि अनपेक्षित होता, त्यांची पेटी चोराच्या घरी जाऊनही बंद राहण्याची शक्यता मोठी. ज्यांचा तो तोकडा होता, त्यांचे कुलूप चोराला सवडीने, कितीही वेळा प्रयत्न करून फोडता येण्याजोगे. चोरी कंपनीत झाली, पण संरक्षण मिळाले ते ग्राहकाच्या स्वतःच्या दक्षतेतून. या प्रकरणाचा बोध हाच.

मग जुनी वहीच बरी, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य नाही असे नाही. परदेशात बसलेला चोर विठ्ठलवाडीच्या कपाटातील वही वाचू शकत नाही. तथापि २६ जुलै २००५ चा दिवस या परिसराने पाहिला आहे. उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा कपाटांतील कागदांचा चिखल झाला. वही भिजते, हरवते, कोणाच्याही हाती पडते. डोक्यात ठेवावे तर माणूस तीस शब्द लक्षात ठेवू शकत नाही. तो एकच शब्द सर्वत्र वापरतो. मग एका ठिकाणची चोरी सर्वत्र लागू पडते. तेव्हा कोणतीही एक जागा निर्धोक नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

एकाच ठिकाणी सर्व विश्वास एकवटू नये, ही शिकवण या भूमीला नवी नाही. ज्या कल्याणच्या खाडीवर दुर्गाडी उभा आहे, ते कल्याण १६५७ मध्ये स्वराज्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या गडव्यवस्थेचे वर्णन सभासदाने करून ठेवले आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी असत आणि कारभार त्यांनी मिळून करायचा असे. एकटा माणूस फितुरीने गड देऊ शकणार नाही, अशी ही रचना होती. तिच्यात माणसांवर अविश्वास नव्हता, माणसाच्या मर्यादांचे भान होते.

हेच तत्त्व घराला लावावे. बंद पेटी क्लाऊडवर खुशाल असावी. पूर आला, मोबाइल चोरीला गेला, तरी ती मिळेल. मुख्य पासवर्ड मात्र क्लाऊडवर, ईमेलमध्ये वा मोबाइलच्या टिपणांत नसावा. तो पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असावा आणि त्याची एक लेखी प्रत बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या गावच्या विश्वासू आप्ताकडे असावी. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू असावी, म्हणजे शब्द फुटला तरी दार उघडणार नाही. हा मुख्य शब्द परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा असावा. प्रसिद्ध अभंगाची ओळ, मुलांची जन्मतारीख किंवा विठ्ठलवाडीत राहून विठ्ठलाचेच नाव ठेवले, तर भक्ती दिसेल, सुरक्षितता नाही.

या विषयाची दुसरी बाजू चोरीहूनही जिव्हाळ्याची आहे. ज्या तिजोरीची किल्ली कंपनीकडेही नाही, ती किल्ली एकट्या घरधन्याच्या डोक्यात असेल आणि तो अकस्मात गेला, तर कुटुंबाने काय करावे? फेब्रुवारी २०२३ अखेर सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केलेल्या, कोणीही हक्क न सांगितलेल्या ठेवी सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या होत्या. अशा ठेवींचा शोध घेता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू करावे लागले. वहीच्या काळातही वारसांना ठेवींचा पत्ता लागत नसे. पासवर्डच्या काळात तो लागणे अधिकच कठीण. त्यातच गुगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मृताच्या पासवर्डने त्याच्या खात्यातून पैसे काढणे हा मार्ग नव्हे. कायद्याचा मार्ग नामनिर्देशनाचा आणि वारसा दाव्याचा आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार मान्य केला आहे. पिन आणि ओटीपी तर कोणालाच सांगू नये. ग्राहकाने गुप्त माहिती स्वतःच उघड केली, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते. कुटुंबाला सर्वप्रथम हवी असते ती यादी. कोणत्या बँकेत खाते आहे, विमा कोणता, गुंतवणूक कोठे, नामनिर्देशित कोण. ही यादी घरातील सर्व जाणत्यांना ठाऊक असावी.

अखेरीस प्रश्न उरतो तो कोठार कोणाचे, याचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने वाडीनार येथे तेल शुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. निर्बंध भारताचे नव्हते, तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाचे दार परदेशातील निर्णयाने बंद होऊ शकते, तर सामान्य कुटुंबाची काय कथा? म्हणूनच स्वदेशी पर्याय हवेत आणि ते आहेतही. चेन्नईच्या झोहो कंपनीची पासवर्ड-तिजोरी हे त्याचे उदाहरण.

परंतु स्वदेशीचा शिक्का म्हणजे सुरक्षिततेची हमी, असे समजणे हा भाबडेपणा ठरेल. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला. २८ देशांतील एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका बँकेमार्फत ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. बँक आपली होती, ग्राहक आपले होते. चोराला त्याचे सोयरसुतक नव्हते. स्वदेशीचा खरा अर्थ आपल्या वस्तूवर आपली सत्ता हा आहे. तिजोरी देशी असो वा विदेशी, तिची रचना तज्ज्ञांना तपासता यावी, सांकेतिक रूपाची किल्ली ग्राहकाकडेच असावी आणि हवे तेव्हा सर्व माहिती बाहेर काढून घेता यावी. या तीन कसोट्यांना जी उतरेल तीच विश्वासास पात्र.

सरकार कायदे करील, बँका सूचना देतील, कंपन्या आश्वासने देतील. घराची राखण मात्र घरालाच करावी लागेल. एखाद्या सुटीच्या दिवशी कुटुंबाने एकत्र बसून यादी करावी, नामनिर्देशने तपासावीत, मुख्य शब्द ठरवावा. बंगळूरुला असलेल्या मुलाला आणि घरी असलेल्या आजीला, दोघांनाही आपापली जबाबदारी सांगावी. तंत्रज्ञान उद्या बदलेल. घरातील माणसे परस्परांशी बोलत असतील, तर बदललेल्या तंत्रज्ञानातही त्या घराचे दार त्याच्याच माणसांना उघडेल.